पिस्तुलाची जादा मॅगझिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन नेमबाज पिस्तूल निवडताना महिना-महिना घालवतात. बॅरलची लांबी, ट्रिगरचं वजन, साइटचे ठिपके, सगळं तपासतात. मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायचा गोळ्यांचा डबा, मात्र 'जे स्वस्त दिसेल ते' या न्यायानं उचलतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अडकलं की दोषी बहुतेक वेळा हा पत्र्याचा डबा निघतो, कधी त्यातली स्प्रिंग. वर्षानुवर्षं रेंजवर तेच तेच प्रश्न कानावर पडतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

पिस्तुलासोबत दोन मॅगझिनं आली आहेत. आणखी कशाला?

दोन मॅगझिनांवर सराव होतो, पण निम्मा वेळ गोळ्या भरण्यात जातो आणि अंगठा सोलवटतो तो वेगळा. खरं कारण दुसरंच आहे. मॅगझिन हा झिजणारा भाग आहे. ते जमिनीवर पडतं, त्यात धूळ जाते, त्याची स्प्रिंग थकते. बॅरल हजारो गोळ्या टिकते, मॅगझिनकडून तशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय जवळ एकच मॅगझिन असेल तर पिस्तूल अडकल्यावर दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा, हे कळायला काही मार्गच उरत नाही.

मग किती असावीत?

माझ्या मते पाच ते सहा. त्यातली तीन राखीव : चाचणीत पास झालेली, सरावात न आपटलेली, स्वच्छ. बाकीची सरावाची, त्यांनी खुशाल मार खावा. स्पर्धेत उतरणार असाल तर गणित स्वतः करून पाहा. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या प्रॉडक्शन गटात एका मॅगझिनमध्ये १५ गोळ्यांची मर्यादा असते आणि मोठा टप्पा ३२ गोळ्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे एकही नेम न चुकता दोन मॅगझिनं अपुरी पडतात. तिसरं लागतंच, आणि एखादं हातातून निसटलं तर चौथं. जिथे मर्यादा याहून कमी असते, तिथे पट्ट्यावरची मॅगझिनं भराभर संपतात.

पिस्तूल ज्या कंपनीचं, मॅगझिनही त्याच कंपनीचं घ्यावं का?

पहिली दोन-तीन, हो. पण यात एक गंमत आहे. पिस्तूल बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या मॅगझिन स्वतः बनवतच नाहीत. इटलीच्या ब्रेशा भागातली मेक-गार ही कंपनी अनेक नामांकित पिस्तूल कंपन्यांना मॅगझिनं पुरवते, आणि स्वतःच्या नावानंही विकते. म्हणजे डब्यात मिळालेलं आणि दुकानात मेक-गारच्या शिक्क्यानं कमी दामात मिळणारं मॅगझिन, ही दोन्ही कधी कधी सख्खी भावंडं असतात. बेरेटा ९२ किंवा सीझेड ७५ वापरणाऱ्यांनी हे आधी पाहावं. 'मूळ कंपनीचं की बाहेरचं' यापेक्षा 'मूळ कंपनीला पुरवठा कोण करतं' हा प्रश्न विचारला तर जास्त पैसे वाचतात.

ग्लॉकचं गणित निराळं. त्यांचं स्वतःचं मॅगझिन मुळातच बाजारातल्या स्वस्त फॅक्टरी मॅगझिनांपैकी एक आहे. बाहेरून प्लास्टिक, आत पोलादी अस्तर. ते सोडून दुसऱ्याच्या मागे धावण्यात फारसं काही वाचत नाही.

म्हणजे तिसऱ्या कंपनीची सगळी वाईट?

नाही. १९११ घ्या. अमेरिकी लष्करानं १९११ साली स्वीकारलेलं हे पिस्तूल आज कितीतरी कंपन्या बनवतात, त्यामुळे तिथे 'मूळ कंपनी' या शब्दाला फारसा अर्थच राहत नाही. मूळ मॅगझिन .४५ एसीपी या प्रकारच्या ७ गोळ्यांचं. आज ८ गोळ्यांचीही सर्रास वापरली जातात, आणि विल्सन कॉम्बॅटचं ४७डी हे खुद्द पिस्तूल कंपन्यांच्या मॅगझिनांपेक्षा जास्त विश्वासानं वापरणारे नेमबाज मी पाहिले आहेत. ग्लॉकसाठी मॅगपुलनं २०१५ मध्ये पीमॅग आणलं. त्यात पोलादी अस्तर नाही, सगळं पॉलिमर. सरावासाठी ते बऱ्याच जणांना पुरेसं वाटतं.

वाईट असतात ती 'एकाच साच्यात पन्नास पिस्तुलांची मॅगझिनं' छापाची. मी उमेदवारीच्या काळात अशी पाच एकदम घेतली होती. दोन नीट चालली. एक भरलं की जागेवर बसेना, एक अधूनमधून तिसऱ्या गोळीला अडके, आणि पाचव्याचा तळ रेंजवरच उडाला आणि स्प्रिंगसकट गोळ्या पायाशी पसरल्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. हिशेब केला तेव्हा चालणाऱ्या दोन मॅगझिनांची किंमत फॅक्टरीच्या दोनांपेक्षा जास्त पडली होती. तेव्हापासून मी किंमत विकत घेतलेल्या मॅगझिनांवर नाही, चालणाऱ्या मॅगझिनांवर भागतो.

पोलाद की पॉलिमर?

ज्या पिस्तुलाची मूळ रचना ज्यावर झाली, ते. पोलादी नळीच्या भिंती पातळ ठेवता येतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त गोळ्या मावतात. बाहेरची जाडी ठरलेली असताना पॉलिमरची भिंत जाड होते आणि आतली जागा कमी होते. पॉलिमर वाकत नाही, गंजत नाही, पण वरचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या कडा, कालांतराने फाकू शकतात. पोलाद आपटलं की पोचा पडतो आणि तो पोचा आतून फॉलोअर (स्प्रिंगवर बसून गोळ्या वर ढकलणारा तुकडा) अडवतो. पारदर्शक प्लास्टिकची मॅगझिनं दिसायला छान आणि गोळ्या मोजायला सोपी. त्यांना साफसफाईचं कुठलं द्रावण चालतं हे मात्र आधी वाचून घ्या, काही प्लास्टिकला तडे जातात.

वरच्या लेपानं काही फरक पडतो का? की नुसता दिखावा?

पडतो, आणि याचं उदाहरण फार बोलकं आहे. अमेरिकी लष्कराकडे बेरेटा ९२ हे एम९ या नावानं होतं. २००३ नंतर इराकमध्ये सैनिकांच्या तक्रारी यायला लागल्या : मॅगझिन भरलेलं आहे, पण गोळी वर येत नाही. लष्करानं घेतलेल्या मॅगझिनांवर खरखरीत फॉस्फेट लेप होता. तिथली पिठासारखी बारीक धूळ त्या खरखरीत पृष्ठभागाला धरून बसायची आणि फॉलोअर वाटेतच थांबायचा. पिस्तूल तेच, गोळ्या त्याच. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आणली गेली. खरखरीत लेप गंजापासून चांगला वाचवतो, म्हणून तो निवडणाऱ्याचा हेतू चुकीचा नव्हता. धूळ मात्र हिशेबात धरली गेली नव्हती. तुमची रेंज उघडी आणि मातीची असेल तर गुळगुळीत लेपाचं मॅगझिन घ्या. बंदिस्त रेंजवर साधं ब्लूइंगही (पोलादावरचा निळसर-काळा लेप) पुरतं.

एकाच कंपनीच्या सगळ्या पिस्तुलांना एकच मॅगझिन बसतं का?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

ग्लॉकच्या ९ मिमी दुहेरी रांगेच्या पिस्तुलांमध्ये मोठं मॅगझिन लहान पिस्तुलात चालतं, उलट नाही. ग्लॉक १७ चं १७ गोळ्यांचं मॅगझिन ग्लॉक १९ मध्ये आणि २६ मध्ये बसतं, खालून थोडं बाहेर येतं इतकंच. ग्लॉक १९ चं १५ गोळ्यांचं मॅगझिन ग्लॉक १७ च्या मुठीत आखूड पडतं. ग्लॉक ४३, ४३एक्स आणि ४८ हा वेगळा गोतावळा आहे. त्यात ४३एक्स आणि ४८ यांचं मॅगझिन एकच, ४३ चं वेगळं.

पिढीचाही प्रश्न असतो. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१० पासून, मॅगझिन सोडायचं बटण डावीकडून उजवीकडे बदलता येतं. जुन्या मॅगझिनांना खाच एकाच बाजूला आहे. डावखुऱ्या माणसानं बटण फिरवलं आणि स्वस्तात जुनी मॅगझिनं उचलली, तर ती अडकून राहणार नाहीत. बेरेटा ९२ च्या सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये तर ते बटण मुठीच्या तळाशी होतं, नंतर ट्रिगर गार्डच्या मागे आलं. खाचेची जागा बदलली, म्हणून जुन्या पिस्तुलाला नवं मॅगझिन घेताना आणि उलटही, खाच पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

सीझेड ७५ वाल्यांची नेहमीची तक्रार : 'बटण दाबलं तरी मॅगझिन खाली पडत नाही, मॅगझिन खराब आहे.' मॅगझिन खराब नाही. मुठीत मागच्या बाजूला एक चपटी पट्टी-स्प्रिंग असते, ती मॅगझिनला मुद्दाम धरून ठेवते. हाताने ओढून काढावं, अशीच ती रचना आहे. या एका पट्टीपायी किती चांगली मॅगझिनं दुकानात परत गेली असतील कोण जाणे. आणि सीझेडसारख्या दिसणाऱ्या इतर कंपन्यांच्या पिस्तुलांना सीझेडचं मॅगझिन बसेलच असं नाही, चेहरेपट्टी सारखी असली तरी.

कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, तर सोडाच. .४० एस अँड डब्ल्यूच्या मॅगझिनमध्ये ९ मिमीच्या गोळ्या भरता येतात, म्हणून चालतं असं समजणारे भेटतात. ओठांमधलं अंतर वेगळं असतं, गोळी सैल बसते, कधी दोन एकदम वर येतात. .४० आणि .३५७ सिग यांची जोडी मात्र बऱ्याच पिस्तुलांत एकाच मॅगझिनवर चालते, कारण दोन्हींच्या केसचा, म्हणजे पितळी कवचाचा, घेर खालून सारखाच आहे.

जास्त गोळ्यांचं मॅगझिन घेऊ का?

कायद्याचं उत्तर खाली आहे. यंत्राचं उत्तर असं : त्याच लांबीच्या नळीत जास्त गोळ्या घालायच्या तर स्प्रिंगला राहायला जागा कमी उरते. काही कंपन्यांनी हे नीट जमवलं आहे. मेक-गारचं बेरेटा ९२ साठीचं १८ गोळ्यांचं मॅगझिन बाहेरून १५ गोळ्यांच्या मॅगझिनएवढंच आहे. पण सगळ्यांना ते जमत नाही. तळाला लावायच्या '+२' टोप्या विकत घेत असाल तर सोबत लांब किंवा जास्त ताकदीची स्प्रिंग येते का ते पाहा. नुसती टोपी लावली की शेवटच्या दोन-तीन गोळ्यांना जोर पुरत नाही, आणि रिकामं झाल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे थांबत नाही.

लहान पिस्तुलात लांब मॅगझिन घालताना आणखी एक धोका आहे. स्लाइड मागे अडकलेली असताना जोरात ठोकलं तर मॅगझिन नको तितकं वर जाऊन इजेक्टरला, म्हणजे रिकामं केस बाहेर फेकणाऱ्या भागाला, आपटू शकतं. मुठीखालच्या भागावर चढणारा प्लास्टिकचा कॉलर मिळतो, तो फक्त शोभेसाठी नसतो.

वापरलेली मॅगझिनं घ्यावीत का?

जरूर. पोलीस खात्यांनी पिस्तुलं बदलली की जुनी मॅगझिनं बाजारात येतात, आणि त्यातली बरीचशी पट्ट्यावर लटकण्यापलीकडे फारशी वापरलेली नसतात. बाहेरचा रंग उडाला असेल तर दुर्लक्ष करा. पाहायचं ते वरचे दोन ओठ : दोन्ही सारख्या उंचीवर, सारख्या वाकाचे, तडा नसलेले. एखादं खात्रीचं मॅगझिन शेजारी धरलं की फाकलेले ओठ लगेच नजरेत भरतात. मग रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअर बोटानं खाली दाबून सोडा. वाटेत अडखळला तर नळीत पोचा किंवा घाण आहे. मागच्या वेल्डच्या शिवणीवरून बोट फिरवा. आतला गंज दिसला तर ठेवून द्या. स्प्रिंग मऊ वाटली तर घाबरू नका, ती बदलता येते आणि तिची किंमत मॅगझिनच्या मानाने किरकोळ असते.

नकली कसं ओळखायचं?

नामांकित कंपन्यांच्या मॅगझिनांच्या नकला येतात. छाप पुसट किंवा जरा जास्तच ठसठशीत, गोळ्या मोजायच्या भोकांच्या कडा खरबरीत, तळाची प्लेट हलणारी, आणि किंमत अशी की विकणाऱ्याला काय सुटतं हा प्रश्न पडावा. सुटी, पाकिटाविना, 'फॅक्टरीचीच आहे' असं तोंडी सांगून मिळणारी मॅगझिनं मी घेत नाही. ज्यांना घ्यायचीच आहेत त्यांनी निदान एकच घेऊन आधी चालवून पाहावी.

नव्या मॅगझिनची चाचणी कशी करायची?

पहिली पायरी गोळ्यांशिवाय. पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. मॅगझिन घाला, ते आवाज करून बसलं पाहिजे. बटण दाबल्यावर, त्या पिस्तुलाची रचना तशी असेल तर, स्वतःच्या वजनानं पडलं पाहिजे. रिकामं मॅगझिन आत असताना स्लाइड मागे खेचली की ती मागेच थांबली पाहिजे. हवं तर नकली काडतुसं भरून हाताने स्लाइड चालवून पाहा. जिवंत गोळ्यांनी हा खेळ घरात करू नका, कितीही काळजी घेणार असलात तरी.

बाकीचं रेंजवर. मॅगझिन पूर्ण भरा आणि स्लाइड बंद असताना घाला. पुष्कळ मॅगझिनं इथेच पकडली जातात, कारण वरच्या गोळीला खाली दबायला थोडीही जागा नसेल तर ते बसतच नाही. मग सगळ्या गोळ्या झाडा. पहिली आणि शेवटची नीट आली का, शेवटानंतर स्लाइड थांबली का. साध्या गोळ्यांनी प्रत्येक मॅगझिन निदान चार-पाच वेळा पूर्ण रिकामं करा. राखीव मॅगझिनांत ज्या प्रकारच्या गोळ्या भरून ठेवणार असाल, त्याही निदान दोनदा. पोकळ टोकाच्या गोळ्या गोल टोकाच्या गोळ्यांपेक्षा जास्त नखरे करतात.

आणि प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगानं नंबर घाला. हा सल्ला सगळे ऐकतात आणि निम्मे विसरतात. नंबर नसेल तर बिघडलेलं मॅगझिन पुन्हा त्याच पिशवीत, त्याच घोळक्यात जातं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटतं.

पिस्तूल अडकलं. दोष मॅगझिनचा हे कशावरून?

अडथळा एकाच नंबरच्या मॅगझिनबरोबर येत असेल तर मॅगझिनचा. सगळ्यांबरोबर येत असेल तर पिस्तूल, गोळ्या किंवा हात. लक्षणांवरूनही अंदाज येतो. गोळीचं टोक खाली झुकून पुढच्या भिंतीला टेकलं तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा फॉलोअर अडतो आहे. दोन गोळ्या एकदम वर आल्या तर ओठांकडे पाहा. रिकामं केस स्लाइडमध्ये उभं अडकलं तर सहसा मॅगझिन निर्दोष असतं, एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा), गोळीचा दारू-भार किंवा सैल पकड तपासा. स्लाइड शेवटी थांबत नसेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी तुमचा अंगठा स्लाइड स्टॉपवर टेकलेला नाही ना, ते पाहा. लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं होतं.

मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का?

चांगल्या पोलादाची, नीट रचलेली स्प्रिंग दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही. तिला थकवतं ते पुन्हा पुन्हा दाबणं आणि सोडणं. म्हणजे 'स्प्रिंगला विश्रांती' म्हणून दर आठवड्याला मॅगझिन रिकामं करून परत भरणारा माणूस तिला उलट जास्त राबवत असतो. अपवाद त्या कोंबून भरलेल्या जास्त क्षमतेच्या मॅगझिनांचा, तिथे स्प्रिंग मर्यादेच्या अगदी काठावर असते. अशी मॅगझिनं एक गोळी कमी भरून ठेवावीत.

नव्या मॅगझिनमध्ये शेवटची गोळी जातच नाही.

स्प्रिंग नवी आहे. भरून दोन-चार दिवस ठेवा, सुरुवातीचा ताठरपणा कमी होतो. छोट्या पिस्तुलांचं दुखणं जास्त, कारण सिग पी३६५ सारख्यांनी २०१८ पासून एवढ्याशा मुठीत १० गोळ्या बसवायला सुरुवात केली आणि स्प्रिंगा त्या मानाने कडक झाल्या. भरायचं साधन घ्या. मॅगलुलाचं अपलुला ९ मिमीपासून .४५ पर्यंत चालतं. नवीन माणसाला मी सहाव्या मॅगझिनऐवजी हे घ्यायला सांगतो.

तेल घालायचं का?

आत अजिबात नाही. तेलाला धूळ चिकटते आणि गोळीच्या बुडाशी असलेल्या टोपीपर्यंत (प्रायमर) तेल पोचलं तर तीही खराब होऊ शकते. कोरडा ब्रश, कोरडं कापड. बाहेरून गंजरोधकाचा पातळ हात फिरवून पुसून टाकला की झालं.

उघडताना तळाची प्लेट सरकवताना अंगठा स्प्रिंगवर दाबून धरा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. ती स्प्रिंग छताला लागते. बाहेर काढण्याआधी तिचं वरचं टोक कुठल्या बाजूला आहे याचा फोटो काढा. मी एकदा स्प्रिंग उलटी बसवली आणि पुढचे दोन रविवार पिस्तुलाला शिव्या देत काढले.

कायद्याचं काय?

जिथे राहता तिथला आजचा नियम वाचा, शेजाऱ्याचा सल्ला नको. कॅनडात पिस्तुलाच्या मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशात २० पेक्षा जास्त क्षमतेच्या पिस्तूल मॅगझिनांवर कडक बंधनं आली. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात नव्या मॅगझिनांना १० गोळ्यांची केंद्रीय मर्यादा होती. ती संपली, पण काही राज्यांनी आपापल्या मर्यादा ठेवल्या आहेत. प्रवासात सीमा ओलांडताना, परदेशातून मागवताना आणि वापरलेलं घेताना हे आठवणीनं पाहा. काही ठिकाणी तर बाळगणं आणि विकत घेणं यांचे नियम वेगवेगळे असतात.

पैसे वाचवायचे तर नेमके कुठे?

राखीव तिनांमध्ये वाचवू नका. सरावाच्या मॅगझिनांत वाचवा. पिस्तूल घेतानाच सोबत दोन जादा मॅगझिनं मागितली तर दुकानदार बहुधा भाव पाडतो, नंतर एकेक घ्यायला गेलात की पाडत नाही. पाच-दहाचा गठ्ठा मित्रांमध्ये वाटून घ्या. जुनी मॅगझिनं टाकण्याआधी स्प्रिंग आणि फॉलोअर बदला. पिस्तूल मॉडेल बंद पडण्याची कुणकुण लागली तर मॅगझिनं आधी घेऊन ठेवा, पुढे तीच सोन्याच्या भावानं विकली जातात.

एक मॅगझिन काही केल्या सुधारत नाही. ओठ वाकवून सरळ करू का?

इतर कुणी करून दिलं तर वेगळं. घरच्या पक्कडीनं एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते, आणि एकदा वाकलेलं पोलाद पुन्हा तिथेच वाकतं. स्प्रिंग, फॉलोअर आणि तळाची प्लेट काढून सुट्या भागांच्या डब्यात टाका. उरलेली नळी शिकंज्यात धरून चपटी करा आणि मग भंगारात द्या. नाहीतर कुणीतरी कनवाळू माणूस ती कचऱ्यातून उचलतो, पुसतो आणि रेंजवर दुसऱ्याला विकतो.